आक्काचं वाण

बाळाबाई चौगुलेच्या दुधात पाणी आहे असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की पुढं तिचं गाव, आणि त्या गावात कुणाची कुरबुर लागली की 'बाळाबाईला विचारा' हा शेवटचा शब्द. बाई सरळ. मोडेल पण वाकणार नाही, अशातली. आता सरळपणा चांगलाच, कोण नाही म्हणतंय? पण काठी फार सरळ असली की ती पाठीतच बसते, हेही खरं. बाळाबाईला हे कळायला एक वर्ष जावं लागलं, आणि तोवर शेजारच्या घराला कुलूप पडलं होतं.

पण आधी आक्काबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे कोल्हापुरातली जुनी गवळीण. गंगावेशीच्या अंगाला तिचा गोठा, आणि संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून लोकांच्या डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात देणार. वय झालं, गुडघे गेले, तोंड मात्र जागच्या जागी. एकेकाळी शहरातल्या कुठल्याशा ट्रस्टनं तिला कमिटीवर घेतलं होतं. अडलेल्या बायकांना मदत द्यायची कमिटी. आक्का हौसेनं नवं लुगडं नेसून गेली. बघते तर काय, टेबलाच्या अलीकडं पंख्याखाली साहेबलोक, पलीकडं एक बाई उभी, आणि तिला विचारतायत: नवरा कशानं गेला, घरात खायला काय आहे, दाखला कुठाय. जिनं नीट रडून दाखवलं तिला मिळालं. जिला रडू आलं नाही ती आपले दाखले घेऊन माघारी. वर पुन्हा पुठ्ठ्याचा भलाथोरला चेक हातात देऊन फोटो. आक्का उठली आणि म्हणाली, "आवं, मदत देताय का बाईला उघडी करून बघताय?" त्यानंतर ती त्या हॉलची पायरी चढली नाही.

मग तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं. संक्रांतीला बायका वाण देतात. वाणासाठी कुणी अर्ज करतं का? बोलवायचं, हळदकुंकू लावायचं, ओटीत एखादी वाटी घालायची, आणि मग ती बाई त्या वाटीत मीठ ठेवते की कुंकू, हे बघायला तिच्या घरी जायचं नाही. म्हशीचंही तसंच करायचं. अडलेल्या बाईच्या दारात आक्का एक गाभण म्हैस नेऊन बांधायची. कागद नाही, सही नाही, फोटो नाही. दूध विकावं, पोरांना पाजावं, तिची मर्जी. अट एकच: म्हशीला जी पहिली रेडी होईल ती वाढवायची, आणि गाभण राहिली की दिवाळीच्या पाडव्याला दुसऱ्या अडलेल्या बाईच्या दारात नेऊन बांधायची. कुणाच्या, ते देणारीनंच ठरवायचं. आक्का विचारणार नाही. "गरज शेजारणीला दिसती, साहेबाला न्हाय," म्हणायची. आणि जाताना एवढंच सांगायची, "कुणाला मागाय लावू नका गं."

लोकांनी याला नाव दिलं, आक्काचं वाण. पण माणसाची जात अशी की चांगल्या गोष्टीला कुंपण घातल्याशिवाय त्याला झोप येत नाही. 'मागायला लावू नका' याचं होता होता 'मागेल तिला द्यायचं नाही' असं झालं. कुणी केलं, कधी केलं, देवाला ठाऊक. तोंड उघडलं की बाद! आणि हा नियम सगळ्यांत घट्ट कुणी धरला असेल? आपल्या बाळाबाईनं.

तिला कारणही होतं. नवरा केरबा अचानक गेला तेव्हा पदरात दोन पोरी, आणि शेत म्हणाल तर बांधाला बांध लागलेला एवढासा तुकडा. भावकीनं तोंड फिरवलं. बाळाबाईनं कुणापुढं हात पसरला नाही. आणि एका सकाळी दार उघडते तर समोर आक्का, आणि तिच्या मागं कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. तीच ही चांदी. तिच्या दुधावर पोरी शिकल्या, नांदायला गेल्या. "मी न्हाय बाई कुणाकडं मागितलं. आपसूक आली," हे बाळाबाई आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची की समोरच्याला आपण काहीतरी मागून बसलोय असंच वाटावं.

शेजारी हाफिजा शिकलगार. दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत, आणि त्या भिंतीला कामच फार. इकडून विरजण जायचं, तिकडून कालवण यायचं. तिळगूळ जायचा, शिरखुर्मा यायचा. केरबा गेला तेव्हा बाळाबाईची चूल कितीतरी दिवस हाफिजानंच पेटवली होती. पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते, शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागं पळतात, तेव्हा गावातल्या निम्म्या म्हशींच्या गळ्यात हाफिजानं वळलेले गोंडे असायचे. स्वतःच्या दारात मात्र तिनं कधी म्हैस बांधली नव्हती. तिचा नवरा सिकंदर दुधाचा टेम्पो चालवायचा, त्यावर भागायचं.

सिकंदर गेला आणि भागेनासं झालं. पोरगा तौसीफ लांब कबनूरला, यंत्रमागाच्या लूमवर कामाला. एका खोलीत तो, बायको सबिना आणि तान्हं पोर. दर फोनला त्याचं एकच, "अम्मी, घर बंद कर आणि हिकडं ये. एकटी तिथं काय खातीस?" हाफिजाला घर सोडायचं नव्हतं. ज्या दारातून सिकंदरला शेवटचं बाहेर नेलं ते दार बंद करून जायचं तिच्या जिवावर येत होतं.

हे बाळाबाईला दिसत नव्हतं का? दिसत होतं की! चांदीला आधी रेडेच होत गेले, उशिरानं झालेली ही पहिली रेडी आता चांगली अंगानं भरली होती, गाभण राहिली होती, आणि ती भिंतीपलीकडं जायची हे बाळाबाईनं मनात कधीच ठरवून टाकलं होतं. पण पोटात एक किडाही होता. लोक म्हणतील, बाळाबाईनं आपल्याच शेजारणीला दिली. सगळ्या गावाला सरळ वाटणारा काटा घरच्यापाशी झुकला. दिवसभर ती मनाशी म्हणायची, म्हणू देत. आणि सकाळी पाणंदीत बायका भेटल्या की वाटायचं, नको गं बाई.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. बाळाबाई धारेला बसली होती. भिंतीवरून हाक आली, "बाळाबाई."

एरवी हाफिजा 'बाळे' म्हणायची. बाळाबाईनं मान वर केली. "काय गं?"

"एक बोलू? वंगाळ वाटून घिऊ नगंस." हाफिजा भिंतीचा सुटलेला पोपडा नखानं काढत होती, नजर काही वर येईना. "यंदाची रेडी माझ्या दारात बांधशील का? तौसीफ लई मागं लागलाय. दारात म्हस आसली तर त्याला सांगता यील, माझं चाललंय म्हणून. मला हितंच ऱ्हायाचंय गं."

आता यावर एकच उत्तर होतं. 'अगं येडे, तुझीच हाय ती.' बाळाबाईच्या ओठावर आलंही होतं. पण तोंडातून पडलं ते भलतंच.

"हाफिजा, काय केलंस हे! मागितलंस. आता देता येत न्हाय."

हाफिजाला आधी चेष्टाच वाटली. ती हसलीसुद्धा. मग बाळाबाईचा चेहरा बघून हसू जागीच विरलं.

"मागितलं की बाद. तुला ठावं हाय की," बाळाबाई म्हणाली.

"व्हय. ठावं हाय." हाफिजानं भिंतीवरचा हात काढून घेतला. "चुकलंच माझं. धार काढ, म्हस आटंल." आणि ती आत गेली.

त्या वेळी बाळाबाईला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आता गाव काही बोलणार नव्हतं, नियमानंच निकाल लावला होता, आणि तिला काही ठरवावं लागलं नव्हतं. वाईट नंतर वाटलं. आधी बरं वाटलं, आणि हेच तिला पुढं वर्षभर कुरतडत राहिलं.

रेडी गेली खालच्या आळीच्या मोनाकडं. आता इथं कुणी मोनाला नावं ठेवू नयेत. तिचा नवरा ट्रॉलीखाली पाय सापडून घरी बसलेला, कडेवर पोर, आणि मोना स्वतः इतकी मुकी की उपाशी झोपली तरी शेजारी कळू द्यायची नाही. तिला द्यायलाच हवी होती अशीच ती होती. गावानं बाळाबाईची पाठ थोपटली. "काटा म्हंजे काटा!" लोक म्हणाले. बाळाबाईला ते शब्द चाबकासारखे लागले, पण हे सांगणार कुणाला?

पाडव्याला रेडी सजली तेव्हा हाफिजा स्वतः आली. हातात गोंडा होता, लाल-पिवळा, जरीची बोरं लावलेला. इतका सुंदर गोंडा तिनं आजवर कुणाला वळून दिला नव्हता. तिनं तो रेडीच्या गळ्यात बांधला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नांद गं बाई, मोनाच्या घरी." बाळाबाईशी नेहमीसारखंच बोलली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हाफिजानं एक शब्द वाकडा काढला नाही.

दिवाळी सरली आणि तौसीफ टेम्पो घेऊन आला. सामान ते काय, एक ट्रंक, भांडी, शिवणाचं मशीन. निघताना हाफिजानं घराची किल्ली बाळाबाईच्या हातात दिली. "अधनंमधनं दार उघडून वारं लागू दे." बाळाबाईला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. पण ज्या तोंडानं नाही म्हटलं त्याच तोंडानं आता राहा कसं म्हणायचं? "जेवून जावा की," एवढंच ती म्हणाली. तौसीफ म्हणाला, "नको मावशी, उशीर हुतोय." आणि टेम्पो गेला.

त्यानंतर भिंत नुसती भिंत झाली. कालवण जास्ती झालं की बाळाबाई सवयीनं हाक मारायची, "हाफिजा, वाटी दे गं," आणि मग स्वतःच्याच तोंडावर मारून घ्यावंसं वाटायचं. आठवड्याला ती शेजारचं घर झाडून काढायची. शेणानं सारवायची. जणू सारवून पाप पुसलं जाणार होतं! फोन करायची तर, "बरी हाईस का?" "बरी हाय." "तू?" "मीबी." संपलं. पूर्वी या दोघी एका भेंडीच्या भाजीवर तासभर बोलायच्या.

आषाढात चांदी पुन्हा व्याली. मधल्या वेतांना रेडेच झाले होते, या खेपेला रेडी झाली. वाणाची अट पहिल्या रेडीची. ही तर बाळाबाईची स्वतःची. तिला ओल्या वारेतली ती रेडी बघून रडू फुटलं. चिकाचं भांडं घेऊन ती तडक कोल्हापूरला आक्काकडं गेली.

आक्का गोठ्याच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. बाळाबाई म्हणाली, "आक्का, चांदीला रेडी झालीया. ही माझी हाय. हाफिजाला देऊ का?"

"मला कशाला इचारतीस? आणि कबनूरला एका खोलीत ती म्हस बांधणार कुठं, पलंगाखाली?"

मग बाळाबाईला सगळं सांगावं लागलं. भिंत, पोपडा, 'मागितलंस' आणि 'देता येत न्हाय'. सांगताना आवाज खाली खाली जात होता. आक्काचा हात गुडघ्यावर तेल चोळता चोळता थांबला.

"मी काय म्हटलतो?" आक्कानं विचारलं.

"मागाय लावू नका."

"मग? मागितलं तर देऊ नका, आसं कवा म्हटलतो? अगं, माणूस तोंड उघडून मागतंय म्हंजे आपल्याला दिसायला उशीर झाला. चूक आपली. आणि दंड तिला केलास व्हय गं?"

बाळाबाई पायरीच्या कडेला टेकली.

"आणि तुझ्या दारात म्हस कशी आली?" आक्का काही सोडायला तयार नव्हती.

"आपसूक. तुमीच आणली की."

"मला काय सपान पडलतं? मला तुझं गाव ठावं नव्हतं, तू कोण ते ठावं नव्हतं. सिकंदर दूध घालाय यायचा, त्याच्या टेम्पोत बसून त्याची बायकू आली. आत्ता तू बसलीयास तितंच बसली. म्हणाली, आक्का, माझी शेजारीण मरंल पर मागायची न्हाय. म्हणून मी मागाय आलोय." आक्कानं तेलाची वाटी बाजूला सरकवली. "वर मला शपथ घातली. तिला सांगू नका, तिचा मान जाईल म्हणाली. आज मी ती शपथ मोडली."

बाळाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं ती ज्या ताठ मानेनं 'आपसूक' म्हणत होती, ती मान हाफिजानं मागून आणून दिली होती. आणि वर ते 'आपसूक' हाफिजा भिंतीपलीकडून रोज ऐकून घेत होती! कितीदा ऐकलं असेल तिनं? एकदाही म्हणाली नाही, 'बास की गं बाळे.'

"मी काय करू, आक्का?"

"रडू नगंस, त्यानं काय हुतंय? देणाऱ्याचा हात कायम वर आसतो. तुझा लई वर्सं वर ऱ्हायलाय. एकदा खाली धरून बघ. जा, आणि परत चल म्हणून माग तिच्याकडं. मग कळंल तुला, ती भिंत तिला केवढी वाटली आसंल."

दुसऱ्या दिवशी बाळाबाईनं उरलेल्या चिकाचा खरवस केला, गूळ-वेलची घालून, हाफिजाला आवडतो तसा. डबा पदराखाली धरून एसटीत बसली. आख्ख्या वाटेत ती एकच वाक्य घोकत होती. 'हाफिजा, परत चल.' सोपंच होतं की. चार अक्षरं इकडं, चार तिकडं. पण हातकणंगले मागं पडलं तरी ते वाक्य काही नीट बसेना. 'चल' म्हटलं तर हुकूम वाटतोय. 'येशील का' म्हटलं तर, आणि ती 'नाही' म्हणाली तर? 'नाही' म्हणाली तर मी परत कशी जाऊ? आयुष्यात पहिल्यांदा बाळाबाईला कळलं की मागायच्या आधी माणूस मनात किती वेळा मरतं. आणि हाफिजा तिच्यासाठी कोल्हापूरला गेली होती, एका अनोळखी बाईच्या पायरीवर.

कबनूरच्या त्या बोळात दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. बोलायचं तर ओरडूनच. सबिना पोराला घेऊन दारात होती. आत हाफिजा फरशीवर बसून सुताचे तुकडे निवडत होती. बाळाबाईला बघून ती उठली. मग सबिनानं चहा ठेवला आणि पोराला घेऊन बाहेर गेली.

"आटली हाईस गं," बाळाबाई म्हणाली.

"आँ?"

"आटली हाईस म्हटलं!"

"तू कुठं पैलवान झालीयास!" हाफिजा ओरडली, आणि दोघी हसल्या. मग चहा प्यायला. बाळाबाईनं कप खाली ठेवला. पदर सारखा केला. "हाफिजा," ती म्हणाली, आणि तिथंच थांबली. खाली सुताच्या ढिगातला एक तुकडा तिनं उचलला आणि नखानं सोलायला लागली. "हाफिजा, एक बोलू? वंगाळ वाटून..."

हाफिजा तिच्या नखाकडं बघत होती. ती पुढं सरकली आणि तिनं आपला तळवा बाळाबाईच्या तोंडावर ठेवला.

"नगं बाळे. मागू नगंस. कळलं मला." तिनं तोंड तिच्या कानाशी आणलं, म्हणजे ओरडावं लागू नये. "मागाय लई लागतं गं. मला ठावं हाय. किल्ली आणलीयास?"

बाळाबाईनं कनवटीची किल्ली काढली. हाफिजानं ती आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "तौसीफला मी सांगतो. पोरगं जरा चालाय लागलंय, सबिनाचं आता निभंल. दसऱ्याला येतो."

"ऱ्हायाला?"

"मग काय पावणी म्हणून? पाडव्याला गोंडं कोण वळणार, तुझा बा?"

इथं बाळाबाईला हलकं वाटायला हवं होतं. गोष्टीत तसंच होतं. पण तिच्या छातीवर होता त्याच्यावर आणखी एक धोंडा पडला. जे तिला भिंतीपाशी करता आलं नाही, ते हाफिजानं लूमच्या त्या गोंगाटात, काही विचार न करता केलं होतं. बाळाबाई हुंदके द्यायला लागली. हाफिजानं तिला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं डबा उघडला.

"चांदी व्याली व्हय? काय झालं?"

"रेडी. तुझी हाय. आणि मोनाकडं गेली ती बी तू मागायच्या आधीपासनं तुझीच हुती." बाळाबाईनं डोळे पुसले आणि हाफिजाचा हात धरला. "आक्कानं सगळं सांगितलं मला. तू तिच्या पायरीवर बसलीवतीस ते. मला तेवढी माफी तरी मागू दे की गं."

ती बोलायला तोंड उघडणार तोच हाफिजानं खरवसाची वडी तिच्या तोंडात कोंबली.

"तीबी नगं," हाफिजा म्हणाली. "खा. गूळ लई घातलायस."